वॉटसन कुठून आला?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी ‘शेरलॉक’चे सगळे भाग टाकले. पुढचा आठवडाभर आमच्या विंगमधली पोरं एकमेकांच्या चपला, बॅगा आणि शर्टाच्या कॉलरी बघून निष्कर्ष काढत फिरत होती. निष्कर्ष बहुतेक चुकायचे. मी मात्र पहिल्याच भागातल्या एका वाक्यावर अडकलो होतो. लंडनच्या बार्ट्स हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जॉन वॉटसन काठी टेकत येतो, आणि बेनेडिक्ट कंबरबॅच मान वर न करता विचारतो, अफगाणिस्तान की इराक?

मला वाटलं, वा, काय अपडेट केलंय! गोष्ट २०१० मध्ये आणायची म्हणून वॉटसनला अफगाणिस्तानात पाठवलं. घरी गेल्यावर आजोबांच्या कपाटातून भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स काढला, नंतर मूळ इंग्रजी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ शोधलं. १८८७ साली छापलेल्या त्या कादंबरीतही होम्स पहिल्या भेटीत वॉटसनला हेच सांगतो, की तुम्ही अफगाणिस्तानातून आलेले दिसता. म्हणजे अपडेट वगैरे काही नव्हतं. सव्वाशे वर्षांनी ब्रिटिश सैन्य पुन्हा त्याच देशात होतं, त्यामुळे वाक्याला हात लावायची फारशी गरजच पडली नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. टीव्हीवरचा कुठलाही होम्स बघायला घेतला की मी आधी बघतो, यांनी वॉटसनला कुठून आणलंय?

आधी मूळ कागदपत्रं. वॉटसन हा लष्करी डॉक्टर. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळी त्याची नेमणूक हिंदुस्थानातल्या पलटणीत होते आणि तो बोटीने उतरतो तो मुंबईत. तिथे त्याला कळतं, की पलटण केव्हाच पुढे गेली आहे. मग तो कंदाहार गाठतो आणि २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी होतो. ही लढाई खरी आहे आणि इंग्रजांनी ती सपाटून हरली. अयूब खानाच्या फौजेपुढे जवळजवळ हजार माणसं मेली. त्यांत इंग्रज पलटण होती तशा बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या. कॉनन डॉयलला त्या शिपायांशी कर्तव्य नव्हतं. त्याला एक थकलेला, पैसे संपत आलेला, लंडनमध्ये कुणीच नसलेला डॉक्टर हवा होता, कारण असाच माणूस अनोळखी विक्षिप्त माणसाबरोबर खोली शेअर करतो. होम्सच्या गोष्टींचं सगळं इंजिन त्या भाड्याच्या खोलीत आहे. ६० गोष्टी, त्यातल्या ४ कादंबऱ्या, आणि जवळजवळ सगळ्या वॉटसनच्या तोंडून.

आता टीव्ही. होम्स टीव्हीवर आला तो टीव्ही धड जन्मायच्या आधी. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला एनबीसीने प्रायोगिक प्रक्षेपणात एक होम्सकथा लुई हेक्टर या नटाला घेऊन करून दाखवली. बघणारे मूठभर. बीबीसीने १९५१ मध्ये अ‍ॅलन व्हीटलीला घेऊन सहा कथांची पहिली मालिका केली. पटकथा लिहिल्या होत्या सी. ए. लजून या नामांकित चित्रपट समीक्षक बाईंनी. सगळं लाइव्ह. व्हीटलीने नंतर तक्रार केली होती, की एका प्रसंगाचा शेवट आपल्या वाक्याने आणि पुढच्याची सुरुवात पुन्हा आपल्याच वाक्याने, तीही वेषांतर केलेल्या अवस्थेत, असं लिहिलेलं असायचं. मध्ये कपडे बदलायला वेळच नाही. सिनेमात कट मारला की काम होतं, लाइव्ह स्टुडिओत नटाला खरंच धावावं लागतं. होम्सला वेषांतराची भारी हौस, म्हणजे लाइव्ह टीव्हीसाठी याहून गैरसोयीचा नायक शोधून सापडला नसता.

ती मालिका आज बघता येत नाही. रेकॉर्डच शिल्लक नाही. याउलट १९५४ ची रोनाल्ड हॉवर्डची अमेरिकन मालिका, ३९ भागांची, आजही बघायला मिळते, कारण ती फ्रान्समध्ये फिल्मवर चित्रित झाली होती. अभिनय, पटकथा यांचा या जगण्या-मरण्याशी काही संबंध नाही. फिल्मची रिळं कपाटात राहिली, एवढंच. हॉवर्डचा होम्स तरुण, हसरा, थोडा वेंधळा आहे. पुस्तकातल्या होम्सशी त्याचं नातं लांबचं, पण रविवारी दुपारी बघायला बरा.

खरी हळहळ वाटते ती पुढच्या प्रकाराची. १९६५ मध्ये बीबीसीने डग्लस विल्मरला होम्स केलं, वॉटसन नायजेल स्टॉक. विल्मर पुस्तकं नीट वाचून आलेला माणूस. त्याचा होम्स थंड आणि तुसडा, समोरच्याला आवडावं अशी त्याची अजिबात इच्छा दिसत नाही. पटकथा उशिरा यायच्या, काही वाईट असायच्या, आणि हा गडी रात्री जागून त्या दुरुस्त करत बसायचा. पुढच्या मालिकेसाठी तालमीचे दिवस आणखी कमी होणार म्हटल्यावर त्याने नकार दिला. म्हणून १९६८ मध्ये पीटर कुशिंग आला. कुशिंग याआधी १९५९ च्या हॅमर कंपनीच्या चित्रपटात होम्स झालेला, बारकाव्यांबद्दल वेडा. आता रंगीत टीव्ही होता. १६ भाग झाले. त्यातले आज ६ आहेत.

बाकीचे १० पुसले. आग लागली नाही, पूर आला नाही. व्हिडिओटेप महाग होती, ती पुन्हा वापरता येत असे, आणि नटांच्या संघटनेबरोबरच्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुन्हा दाखवायला मर्यादा होत्या. घरी कॅसेट विकता येईल ही कल्पनाच नव्हती. मग जी टेप पुन्हा दाखवायची नाही ती अडवून कशाला ठेवायची? बीबीसीने असे हजारो तास पुसले, सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत. ‘डॉक्टर हू’चे कित्येक भाग असेच गेले. विल्मरचे दोन भाग अर्धेमुर्धे उरलेत.

मी रोज जे काम करतो त्यात डेटा किती दिवस ठेवायचा हा प्रश्न नेहमीचा आहे. जुने लॉग्ज ९० दिवसांनी आपोआप डिलीट करणारी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिलेली आहे आणि रिव्ह्यूमध्ये त्यावर कुणी एक कमेंट टाकली नव्हती. त्यामुळे बीबीसीच्या त्या कारकुनावर मला राग धरता येत नाही. त्याच्यासमोर यादी होती, जागेचा प्रश्न होता, वरून मंजुरी होती. तो बरोबरच वागत होता. कुशिंगचे उरलेले भाग बघताना मात्र हे सगळं समजूतदारपण गळून पडतं. त्याची ती तीक्ष्ण मान, वस्तू हाताळण्याची लकब बघताना मन सारखं न दिसणाऱ्या दहाकडे जातं.

आता सोव्हिएत होम्सकडे. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही आणि मला तो कळायला वेळ लागला. लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओत दिग्दर्शक इगोर मास्लेन्निकोव्हने १९७९ ते १९८६ या काळात टीव्हीसाठी अकरा भाग केले. होम्स वासिली लिवानोव्ह, वॉटसन विताली सोलोमिन. लंडनला जाऊन चित्रीकरण शक्य नव्हतं, म्हणून लाटव्हियातल्या रिगा शहराची याउनिएला नावाची गल्ली बेकर स्ट्रीट झाली. ती बघताना हे लंडन नाही हे दिसतं, आणि दहा मिनिटांत त्याचं काही वाटेनासं होतं.

लिवानोव्हचा आवाज घोगरा, फाटका. चेबुराश्काच्या कार्टूनमधल्या गेना मगरीचा आवाजही त्याचाच. त्याचा होम्स विक्षिप्त आहे पण मायाळू. आणि पहिल्या भागाची गंमत अशी, की वॉटसनला वाटतं आपला रूममेट गुन्हेगार आहे. घरी कसलीकसली माणसं येतात, हा केमिकल्सचे प्रयोग करतो, रात्री-अपरात्री बाहेर पडतो. वॉटसन सगळे पुरावे जुळवून होम्सवर होम्सचीच पद्धत वापरतो आणि साफ तोंडघशी पडतो. पुस्तकात हे असं नाही, पण पुस्तकाला इतकं शोभणारं आहे, की डॉयलला का सुचलं नाही असं वाटून जातं.

आणि माझी मोजपट्टी? हा भाग तयार झाला १९७९ मध्ये. त्याच डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. मार्च १९८० मध्ये भाग टीव्हीवर दाखवायची वेळ आली तेव्हा लंडनमध्ये एक इंग्रज डॉक्टर अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी होऊन परत आला आहे, हे वाक्य एकदम अडचणीचं झालं. मग त्या देशाचं नाव काढून तिथे पूर्वेकडचा मोघम उल्लेख घालण्यात आला. वॉटसन पूर्वेकडून आला. पूर्वेकडे कुठून, ते विचारायचं नाही. १८८० मध्ये हरलेल्या एका लढाईची गोष्ट शंभर वर्षांनी दुसऱ्याच एका साम्राज्याला बोचली! होम्सवरच्या प्रेमाला मात्र बाधा आली नाही. लिवानोव्हला २००६ मध्ये ब्रिटनने मानद एमबीई दिलं, आणि मॉस्कोत ब्रिटिश वकिलातीजवळ होम्स-वॉटसनचा पुतळा आहे तो या दोघांच्या चेहऱ्यांचा.

आता जेरेमी ब्रेट. इथे माझी मोजपट्टी उपयोगाची नाही, कारण ब्रेट ते वाक्य कधी बोललाच नाही. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ केलंच नाही. एप्रिल १९८४ मध्ये पहिला भाग सुरू होतो तेव्हा दोघं आधीच बेकर स्ट्रीटवर राहत असतात, मुरलेल्या नवरा-बायकोसारखे.

ग्रॅनाडाच्या मालिकेमागे एक कोरडं कायदेशीर कारण आहे. डॉयल १९३० मध्ये वारला, त्या वेळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे पन्नास वर्षांनी, म्हणजे १९८० संपताना, कॉपीराइट संपला. निर्माता मायकल कॉक्सने ठरवलं, की आता मूळ गोष्टींना धरून होम्स करायचा. त्यासाठी होम्स-वॉटसनच्या सवयी, कपडे, खाणं, खोलीतल्या वस्तू यांच्या नोंदींची एक सत्तरएक पानांची फाइल तयार केली. आम्ही जिला स्पेक म्हणतो तीच. स्टुडिओजवळ बेकर स्ट्रीटचा अख्खा रस्ता उभारला. ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेटने काढलेली चित्रं चौकटीसकट पडद्यावर आणली. रायखेनबाखच्या धबधब्यासाठी खरोखर स्वित्झर्लंडला गेले.

पण स्पेक पाळून ब्रेट तयार होत नाही. पहिल्या काही भागांत बघा, तो खुर्चीत बसतो तेव्हा शरीर बसतं आणि बोटं बसत नाहीत. एकदम उडी मारून सोफा ओलांडतो, मधेच खेकसल्यासारखा हसतो आणि अर्ध्या सेकंदात चेहरा कोरा करतो. अशील बोलत असताना डोळे मिटून घेतो. याला लोक कधीकधी नाटकी म्हणतात. आहेच नाटकी. होम्सही नाटकी आहे, तो प्रत्येक उलगड्यासाठी प्रेक्षक गोळा करतो. शिवाय ब्रेट आधी रंगमंचावर वॉटसन झालेला होता, १९८० मध्ये लॉस एंजेलिसला, चार्ल्टन हेस्टन होम्स असताना. मला वाटतं ते उपयोगी पडलं असावं. वॉटसनला होम्सचा त्रास कुठे होतो हे त्याला आतून माहीत होतं.

डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक या दोन वॉटसननी एक मोठं काम केलं. चाळीसच्या दशकातल्या बेसिल रॅथबोनच्या चित्रपटांपासून वॉटसन म्हणजे ढेरपोट्या विनोदी काका असं समीकरण झालं होतं. लढाई बघितलेला, बंदूक चालवणारा, स्वतःची डॉक्टरकी असलेला माणूस इतका मठ्ठ कसा असेल? बर्कचा वॉटसन हुशार आहे, फक्त होम्सइतका नाही, आणि त्याला त्याचा राग येत नाही. हार्डविकचा वॉटसन अधिक मऊ. त्याच्या डोळ्यांत सतत एक काळजी असते, आणि पुढे पुढे ती अभिनयाची राहिली नसावी.

कारण १९८५ मध्ये ब्रेटची बायको जोन विल्सन कॅन्सरने गेली. होम्सच्या मृत्यूचा भाग नुकताच झाला होता. नंतरच्या वर्षी त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आज ज्याला बायपोलर म्हणतात तो आजार. लिथियमची औषधं सुरू झाली, शरीर फुगलं, चेहऱ्याची ती धार गेली, आणि हृदय आधीपासून कमजोर होतं. सिगरेटही सुटली नाही. मालिका चालू राहिली. १९८४ ते १९९४ एकेचाळीस भाग ओळीने बघितले, तर एका माणसाचं दहा वर्षांत काय झालं ते दिसतं. मी ते एका पावसाळ्यात यूट्यूबवर बघितलं आणि शेवटच्या काही भागांपर्यंत केस काय आहे याच्याकडे लक्षच लागेना.

१९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मालिका लहान मुलंही बघतात हे ब्रेटला कळलं होतं आणि होम्सच्या कोकेनचा त्याला त्रास होऊ लागला होता. डॉयलच्या मुलीची, डेम जीनची, परवानगी घेऊन त्याने त्या भागात होम्सला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सिरिंज वाळूत पुरायला लावली. मूळ गोष्टीत हे नाही. पुस्तकाच्या शब्दांसाठी सेटवर भांडणारा माणूस इथे पुस्तक सोडून गेला. फिडेलिटी हवी म्हणणाऱ्या चाहत्यांमध्येही या दृश्याबद्दल कुणी फारशी तक्रार करताना मला दिसलं नाही.

त्यानंतरच्यांबद्दल थोडक्यात सांगतो, ते तुम्ही बघितलेले असणार. ‘शेरलॉक’ची पहिली कथा २५ जुलै २०१० ला आली, आणि स्टीव्हन मोफॅट व मार्क गेटिस यांची खरी करामत मला वाटते ती भाषांतराची. ‘साइन ऑफ फोर’मध्ये होम्स वॉटसनच्या खिशातल्या घड्याळावरून त्याच्या भावाचं दारूचं व्यसन ओळखतो, किल्लीच्या भोकाभोवतीच्या ओरखड्यांवरून. इथे घड्याळाचा फोन झाला आणि ओरखडे चार्जिंगच्या भोकाभोवती आले. वस्तू बदलली, तर्क तसाच. आणखी एक. डॉयलने एका पुस्तकात वॉटसनला गोळी खांद्यात लागल्याचं लिहिलंय, दुसऱ्यात पायात. सरळ सरळ बग. ‘शेरलॉक’ने त्याचं फीचर केलं. जखम खांद्याला, लंगडणं मनातलं. मार्टिन फ्रीमन पहिल्या भागात काठी रेस्टॉरंटमध्ये विसरून धावत सुटतो ते याच्यावरच उभं आहे. पुढच्या सीझनमध्ये या मंडळींना कथेपेक्षा नायकाचंच कौतुक जास्त वाटायला लागलं, आणि चौथ्या सीझनबद्दल हॉस्टेलच्या ग्रुपवर जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सीबीएसच्या ‘एलिमेंटरी’ला आपल्याकडे उगाच दुय्यम धरतात. २०१२ ते २०१९, १५४ भाग, न्यूयॉर्क, होम्स जॉनी ली मिलर. वॉटसन लूसी लिऊ, म्हणजे जोन वॉटसन. ती युद्धातून आलेली नाही. ती सर्जन होती, तिच्या हातून एक पेशंट दगावला आणि तिने ऑपरेशन थिएटर सोडलं. तिचं मैवंद ते. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्या होम्सवर लक्ष ठेवण्याची नोकरी करायला ती येते. डॉयलने कोकेन हे जिनिअसचं एक चमत्कारिक लक्षण म्हणून दाखवलं, ‘शेरलॉक’नेही जवळपास तसंच. ‘एलिमेंटरी’त ते रोज सकाळी उठून सांभाळायचं दुखणं आहे, मीटिंगला जावं लागतं, एका सीझनच्या शेवटी तो घसरतोही. ब्रेटने वाळूत पुरलेल्या सिरिंजला हे जास्त जवळचं आहे.

ब्रेटच्या मालिकेतला शेवटी दाखवलेला भाग होता ‘द कार्डबोर्ड बॉक्स’, एप्रिल १९९४. त्याआधीच्या एका भागात तो इतका आजारी होता, की होम्सचं काम भाऊ मायक्रॉफ्टला वाटून द्यावं लागलं होतं. या भागात तो आहे. जड, थकलेला, श्वास पुरत नाही असा. खुनाचा उलगडा होतो, त्यात कुणालाच आनंद नाही. शेवटी मूळ गोष्टीतला होम्सचा एक प्रश्न येतो, की या दुःखाच्या आणि हिंसेच्या चक्राचा हेतू तरी काय असेल. डॉयलने त्याचं उत्तर दिलेलं नाही. ब्रेट ते हळू आवाजात, वॉटसनकडे न बघता बोलतो. शेजारी हार्डविक गप्प उभा आहे. १२ सप्टेंबर १९९५ ला ब्रेट गेला, ६१ वर्षांचा.

या भागाची टेप कुणी पुसली नाही. एवढ्यात पुन्हा बघितला तेव्हा खाली कुणीतरी रशियनमध्ये कमेंट टाकलेली होती. मी ती ट्रान्सलेटमध्ये घातली. लिवानोव्हच बरा होता, असं लिहिलं होतं.